इसापूरच्या काठावर पाखरांचे पाहुणे

यवतमाळ जिल्हा म्हटला की लोकांना कापूस आठवतो. कापसामागोमाग कर्ज आणि आत्महत्या आठवतात. अलीकडे टिपेश्वरच्या वाघाचे नावही निघते. परंतु केवळ पाखरे पाहण्यासाठी कोणी यवतमाळ जिल्ह्यात येईल, असे सांगितले तर आपल्या वस्तीतले लोक हसतील. आम्हीही हसलो होतो.

हसण्याचे कारण आमच्या घरातलेच होते. आमचा पुतण्या बी.ए. होऊन दोन वर्षे वनरक्षक भरतीची तयारी करतो आहे. पहाटे उठून पळायला जातो. कॉलेजच्या शिबिरात त्याने पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावली आणि तेव्हापासून त्याला पाखरांचे वेड लागले. त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या थोरल्या भावाला, हे पटत नाही. "पाखरं पाहून पोट भरते काय रे?" असे ते रोज विचारतात. एके दिवशी पुतण्या म्हणाला, "बाबा, पुण्या-मुंबईचे लोक हजारो रुपये खर्चून पाखरे पाहायला गावोगाव जातात. ते गाव कसे निवडतात, हे आपण एकदा समजून तर घेऊ." या एका प्रश्नासाठी आम्ही जानेवारी महिन्यात इसापूरला जायचे ठरवले.

आमच्या घरची पाच आणि शेजारची दोन अशी सात माणसे निघालो. मोठी गाडी करण्याची ऐपत नाही, पण एस.टी. आहे. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफी. त्यामुळे आमची आजी फुकट आणि मायबहिणी निम्म्या पैशांत आल्या. डब्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी होती. यवतमाळहून दारव्हा, दिग्रस करीत पुसद आणि तिथून काळीपिवळीने शेंबाळपिंपरीच्या बाजूला, असा आमचा प्रवास झाला. पुतण्याच्या गळ्यात त्याच्या सरांची मागून आणलेली दुर्बीण होती. "फुटली तर भरून द्यावी लागेल," असे भाऊ वाटभर बजावत होते.

इसापूरचे धरण पैनगंगेवर आहे. एका बाजूला आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे हिंगोली. या जलाशयाला आणि काठाला शासनाने पक्षी अभयारण्याचा दर्जा दिलेला आहे. त्याचे क्षेत्र ३७ चौरस किलोमीटरहून अधिक आहे. आपल्याच जिल्ह्यात पाखरांच्या नावाने राखून ठेवलेली जागा आहे, हे आमच्या सात जणांपैकी फक्त एकाला ठाऊक होते. वाचकहो, तुमच्या घरात किती जणांना ठाऊक आहे, ते विचारून पाहा.

आम्ही काठाकाठाने चालत एका बाभळीखाली बसलो. पाणी ओसरून मागे गेले होते आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "इथे तर नुसता गाळ आहे. भरलेले पाणी पाहायला हवे होते." पुतण्या हसला. पाखरे पाहणारा माणूस नेमका हाच गाळ शोधत येतो, असे त्याने सांगितले. खोल पाण्यात बुडी मारणारी थोडीच पाखरे असतात. लांब पायांच्या आणि लांब चोचीच्या पाखरांना घोट्याएवढे पाणी आणि मऊ चिखल लागतो, कारण त्यांचे किडे, गोगलगायी आणि झिंगे तिथेच असतात. म्हणून जाणकार माणूस काठोकाठ भरलेल्या धरणापेक्षा उतरत्या पाण्याच्या धरणावर जातो. पावसाळा संपला की थंडीत येतो. जागेच्या आधी तो ऋतू निवडतो.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली.

त्याची दुसरी अपेक्षा असते ती थोड्या अंतरात अनेक प्रकारच्या रानाची. जिथे पाणी, गवत, झुडपी जंगल आणि शेती एकमेकांना लागून असते, तिथे एका सकाळीत पाण्यातली, गवतातली, झाडांवरची अशी सगळी पाखरे भेटतात. आपला जिल्हा या बाबतीत गरीब नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे आहे आणि १९९७ पासून संरक्षित आहे. तिथे सागाचे जंगल, गवताळ माळ आणि पाणवठे आहेत. उमरखेडकडे पैनगंगेचे अभयारण्य आहे. पुसदजवळ पूस धरण, दिग्रसला अरुणावती, बाभुळगावकडे बेंबळा आहे आणि यवतमाळ शहराला पाणी पाजणारे निळोणा व चापडोह तर घराजवळच आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे एखादे असे पाखरू, जे दुसरीकडे सहज दिसत नाही. याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते. जगाने ते संपले असे धरले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंना आणि त्यांच्या दोन सोबत्यांना ते शहाद्याजवळच्या रानात सापडले. म्हणजे ११३ वर्षांनी! पुढे ते मेळघाटातही दिसले. तेव्हापासून देशोदेशीचे लोक त्या एका वीतभर पाखरासाठी सातपुड्यात येतात.

हे ऐकून आमची आजी म्हणाली, "पिंगळा पाहाले इमानानं येतात? आपल्याकडे तं पिंगळा घरावर बसला का दगड मारतात." खरे आहे. घुबड अशुभ, टिटवी ओरडली की मयत होते, या समजुती आपल्याही काही घरांतून अजून गेलेल्या नाहीत. बुद्धीला पटेल तेच मानायचे असे आपण म्हणतो, तर इथेही तसेच वागले पाहिजे. घुबड रात्रभर शेतातले उंदीर खाते. टिटवी जमिनीवर अंडी घालते आणि माणूस किंवा कुत्रा जवळ आला म्हणून ओरडते. त्यात कोणाच्या मरणाचा निरोप नसतो.

चौथी गोष्ट खात्रीची. लांबचा माणूस रजा आणि पैसा खर्चून येतो, तर तिथे पूर्वी काय दिसले याची नोंद पाहूनच येतो. ई-बर्ड नावाची एक संगणकीय वही आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा ती २००२ पासून चालवते. कोणीही तिच्यात आपण पाहिलेले पाखरू, जागा आणि दिवस लिहू शकतो, पैसे पडत नाहीत. भारतातल्या सुमारे ३०,००० लोकांनी अशा केलेल्या तीन कोटी नोंदींवरून २०२३ साली देशातल्या पाखरांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. ज्या तालुक्यातून नोंदी नाहीत, तो तालुका या लोकांच्या नकाशावर कोराच राहतो. पाखरे असूनही पाहुणा येत नाही, कारण कोणी लिहूनच ठेवलेले नसते. लिहिले नाही तर आपण नव्हतोच असे होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

एवढ्यात एक मासेमार दादा जाळे खांद्यावर टाकून आमच्याजवळ आले.

"काय पायता जी?"

"पाखरं पाहतो, दादा."

"पाखरं पाहाले येवढ्या दूर?" ते हसले आणि तिथेच उकिडवे बसले. आम्ही त्यांना भाकर दिली. पुतण्याने पाण्यावरच्या भगव्या रंगाच्या एका जोडीकडे बोट दाखवले आणि पुस्तकात नाव शोधू लागला. त्याला पान सापडण्याआधीच दादा बोलून गेले, "थे जोडीनंच रायते. दिवाळी झाली का येते, होळीच्या अंगं जाते. रातच्याला वरडते. तिकडं थंडी लय असन, म्हणून येत असन." पुस्तकात चक्रवाक सापडला आणि त्याचे वर्णन तेच होते. हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशातून हिवाळ्यात येणारा, जोडीने राहणारा. मग आमच्या सातही जणांचे प्रश्न सुरू झाले. उघड्या चोचीचा बलाक गोगलगायी कशा काढतो, पाणकावळे कोणत्या झाडावर पंख वाळवतात, शेकाट्याची पिले कुठे असतात, सारे त्यांना माहीत होते.

"दादा, तुम्हाला इतके कसे ठाऊक?"

"पोटासाठी पान्यात रायतो जी. दिसन नाही काय?" मग पाण्याच्या मधोमध हात करून म्हणाले, "आमचं जुनं गाव थ्या तिकडं पान्याखाली हाय. आमचा बाप सांगे."

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. नंतर भावाने विचारले, "बाहेरचे लोक येतात काय इथे पाखरे पाहायला?"

"येतात कधी गाडीवाले. इचारतात, कोनतं पाखरू कुठं बसते. मी दाखवतो. फोटो काढतात, जातात."

"पैसे देतात?"

"चहा पाजतात कधी."

पुतण्याच्या यादीतली पाचवी गोष्ट हीच होती. पाखरे पाहणारा माणूस जागा निवडताना विचारतो, की तिथे वाट दाखवणारा जाणता माणूस आहे काय? चांगले हॉटेल नसले तरी त्याचे चालते, पण जाणता माणूस नसेल तर तो येत नाही. आणि आपल्याकडे तो जाणता माणूस एका चहावर काम करीत होता. आमचे भाऊ, ज्यांना पाखरांत पोट दिसत नव्हते, ते त्या दिवशी प्रथमच या विषयावर गंभीर झाले.

ही गोष्ट अन्यत्र वेगळी घडली आहे. पुणे जिल्ह्यात भिगवण आहे. १९८० साली उजनी धरण झाले आणि भीमेकाठच्या कितीतरी लोकांची जमीन पाण्यात गेली. त्या पाण्याच्या उथळ काठावर रोहित पक्षी, बदके आणि बलाक हिवाळ्यात येऊ लागले. आज कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मासेमार होडीतून पाहुण्यांना फिरवतात, नावे सांगतात, घरचे जेवण देतात आणि त्याचे दाम घेतात. ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर त्यांनी दुसरा धंदा उभा केला. गेलेली जमीन त्याने परत येत नाही, पण लेकरांच्या शिक्षणाला हातभार लागतो.

दुसरे उदाहरण नागालँडचे. तिथे वोखा जिल्ह्यात डोयांग नावाचे असेच एक धरण आहे. अमूर ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखोंनी तिथे उतरतात आणि पुढे आफ्रिकेला जातात. २०१२ साली जाळी लावून ते हजारोंच्या संख्येने मारले जात असल्याचे उघड झाले. गरिबांना त्यांचे मांस आणि चार पैसे मिळत होते. पण पांगती गावाने निर्णय घेतला आणि २०१३ पासून शिकार बंद केली. मग तेच ससाणे पाहायला पाहुणे येऊ लागले. मारणारे हात राखणारे झाले. हे वरून आलेल्या हुकमाने एकट्याने होत नाही, गावाने मनावर घ्यावे लागते.

सहावी गोष्ट काकूंनी विचारली, "बायामाणसांची काय सोय?" हा प्रश्न बारीक नाही. स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी, सुरक्षित मुक्काम आणि परतीची गाडी या चार गोष्टी पाहूनच कुटुंब आणि एकटी बाई प्रवासाला निघते. त्या दिवशी आमच्या मायबहिणींची या बाबतीत अडचण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या गावात पाहुण्याची सोय होईल, त्या गावातल्या आपल्या लेकीबाळींचीही सोय होईल.

सातवी गोष्ट शांतता. आमच्यापासून लांब काही पोरे मोठ्या आवाजात गाणी लावून बसली होती. त्यांच्या बाजूचा सगळा काठ रिकामा होता. पाखरू पळाले की पाहुणा पळतो.

दुपारी जेवताना आजीने एक प्रश्न टाकला आणि आमचे घास थांबले. ती म्हणाली, "माह्या लहानपणी हाडकीवर गिधाडांचे थवे उतरत. आता एक दिसत नाही. आपल्या लोकायनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून तं गेले नसन?"

आजीच्या पिढीने ते काम पाहिले आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे ठणकावून सांगितले. आपल्या लोकांनी उपास सोसले, गावाचा मार खाल्ला, पण मेलेली ढोरे ओढणे सोडले. ते सोडले म्हणून आज आपली मुले दुर्बीण हातात घेऊन बसली आहेत. त्यात खंत करण्यासारखे काहीच नाही. आणि गिधाडे त्यामुळे गेलेली नाहीत. ती गेली १९९० नंतरच्या काळात. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध सर्रास देऊ लागले. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली. २००४ साली कारण सापडले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. आजीला हे समजावून सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे आपला दोष नाही." तिच्या मनातले ओझे किती जुने होते, ते आम्हाला त्या वेळी कळले.

औषधावरून फवारणीची आठवण निघणे साहजिकच होते. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा मजूर असतो, आणि मजूर म्हणजे आपलेच भाऊबंद. जे विष अळी मारते ते अळी खाणाऱ्या पाखरालाही सोडत नाही. तारेवर बसणारा निळ्या पंखांचा नीलपंख, ज्याला आपण नीळकंठ म्हणतो, तो शेतातले किडे खाऊन जगतो. २०२३ च्या अहवालाप्रमाणे तो बारा वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी घटला. दीर्घ काळाची माहिती असलेल्या ३३८ जातींपैकी साठ टक्के जाती कमी झाल्या. सगळा दोष फवारणीचा नाही. माळ गेले, जुनी झाडे गेली, पाणी बिघडले. परंतु पाखरे पाहणारा माणूस जेव्हा एखादे गाव टाळतो, तेव्हा तिथले पाणी, हवा आणि शेत बिघडल्याची ती खूण असते. आपल्याला ते गाव टाळता येत नाही, आपण तिथेच राहतो.

म्हणून आम्हाला असे वाटते की पाहुणे काय शोधतात, हा फक्त पाहुण्यांचा प्रश्न नाही. स्वच्छ पाणी, उभी असलेली जुनी झाडे, विषारी नसलेले शेत, शांतता, बायकांची सोय आणि जाणत्या माणसाला मान. ही यादी आपल्या वस्तीच्या मागण्यांपेक्षा वेगळी आहे काय?

पट्टकादंब नावाचा हंस हिमालय ओलांडून महाराष्ट्रात येतो. तो दिसावा अशी पुतण्याची फार इच्छा होती. तो काही दिसला नाही. तरीही संध्याकाळपर्यंत वहीत सत्तावीस नावे झाली. त्यातली नऊ मासेमार दादांनी दाखवलेली. निघताना भावाने त्यांना पैसे देऊ केले. दादा नको म्हणाले. तेव्हा भाऊ म्हणाले, "ठेवा दादा. हे दान नाही, तुमच्या कामाचे आहेत. यापुढे गाडीवाल्यांकडूनही मागून घेत जा." दादांनी पैसे घेतले आणि आपला फोन नंबर पुतण्याच्या वहीत लिहून दिला.

वाचक बंधू-भगिनींनो, पाखरे पाहायला पैसेवाला असावे लागत नाही. डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि आपल्या मराठीत जंगल आणणारे मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र शासन २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळते. चितमपल्ली २०२५ साली गेले, पण त्यांची पुस्तके वाचनालयात आहेत. त्या आठवड्यात एका सकाळी मुलामुलींना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. पाखराचा रंग, चोच, पाय, बसण्याची जागा आणि तारीख शाळेच्या वहीत लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचे गावठी नाव विचारा आणि तेही लिहा. घरट्याला हात लावू नका, प्लास्टिक टाकू नका, गाणी लावू नका. वनखात्याच्या भरतीची आणि मार्गदर्शकाच्या प्रशिक्षणाची जाहिरात निघाली की मुलांसोबत मुलींचेही अर्ज भरा. अभयारण्याच्या दारात चहाची टपरी टाकणारे आपण असूच, पण आत वाट दाखवणारेही आपण असलो पाहिजे.

आमचा पुतण्या अजून पहाटे पळतो. भरतीचा निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. भाऊ मात्र आता पोटाचा प्रश्न विचारत नाहीत. परवा संध्याकाळी ते निळोण्याकडून आले आणि सायकल भिंतीला लावता लावता म्हणाले, "अरे, तारेवर एक नीळकंठ होता. लिहून घे."